बुलेटवरचं बोलणं

१२ नोव्हेंबर, मंगळवार

परत तेच! गाडीवरून उतरले, कंपनीत शिरले आणि कानात टुंई सुरू. जेवायच्या सुट्टीपर्यंत. शेजारच्या टेबलावरून पिंकी काहीतरी सांगत होती, मी हसून मान हलवली. नंतर कळलं, तिची आई दवाखान्यात आहे. आणि मी हसले! शी!

कोळवण ते पिरंगुट रोज मामांच्या मागं बसायचं. त्यांची गोडाऊनवर वॉचमनची ड्युटी, माझं पॅकिंग. गाडी निलेशची, माझ्या नवऱ्याची. बुलेटचा सायलेन्सर त्यानंच बदलून घेतला होता, मोठ्या हौसेनं. काविळीनं तो गेला त्याला दोन वर्षं झाली, पण गाडी अजून तशीच बोंबलत फिरते. मामा वाटेनं सारखं काहीतरी बोलत असतात. मला एक शब्द कळेल तर शपथ! मी मागनं आपली "व्हय मामा, व्हय मामा." सासऱ्याला किती वेळा "काय म्हणालात?" विचारायचं?

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सुटल्यावर गोडाऊनपाशी मामांची वाट बघत होते. गेटाबाहेर ट्रक हॉर्न मारतोय, आणि मामा पाठमोरे उभे. ढिम्म! सुपरवायझर सगळ्यांदेखत बोलला — "बाबा, ऐकू येत नसेल तर घरी बसा." मी ऐकलं हे मामांना कळलं. रात्री जेवले नाहीत.

१६ नोव्हेंबर, शनिवार

नेलं एकदाचं कानाच्या डॉक्टरकडे! निघेपर्यंत कुरकुर — "म्हातारपन हाय, त्याला काय औशिद?"

म्हातारपण नाही. डॉक्टरबाईंनी नीट तपासलं. डावा कान बराच गेलाय, उजवा त्याच वाटेवर. गेलेलं परत येत नाही, राहिलंय ते जपा म्हणाल्या. नुसता सायलेन्सर नाही, हेल्मेटात घुमणारा वारासुद्धा कान खातो. माझे अजून धड आहेत, पण ती टुंई म्हणजे इशारा समजा. गाडीवर बसताना दोघांनी कानात बोळे घालायचे. रोज.

मामा म्हणाले, "आन् मागनं डंपर आला तर?"

बाई म्हणाल्या, हॉर्न ऐकू येतो, उलट बरा येतो, गोंगाट तेवढा कमी होतो. मामांनी असं तोंड केलं, जशी काय बाई टोपीच घालायला निघालीय!

१९ नोव्हेंबर, मंगळवार

जेवताना विषय काढला. मूळचा सायलेन्सर माळ्यावर पडलाय, तो लावू या. मामा ताटावरून उठले. "निल्याच्या गाडीला हात लावायचा न्हाई."

मी आत्यांकडे बघितलं. वाटलं, त्या तरी समजावतील नवऱ्याला. तर त्या म्हणाल्या, "आवाज आला की मी चा ठेवते. त्यो बी असाच यायचा." आणि ताटं उचलायला लागल्या.

संताप झाला मला. निलेश असता तर त्यालाच झापलं असतं — काय हा भोंगा लावून ठेवलायस! त्याच्या हौसेपायी त्याच्या बापानं बहिरं व्हायचं? नोकरीवरून हाकलून घ्यायचं? सासऱ्याच्या तोंडाला लागता येत नाही म्हणून इथं लिहिते. निलेशची आठवण मला येत नाही का?

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

पिंकीनं कंपनीच्या प्रेस शॉपमधून बोळे आणून दिले, तिथं मशिनींच्या आवाजात सगळे घालतात. नारंगी, स्पंजचे. वळून वातीसारखे बारीक करायचे, कान वर ओढून आत सारायचे आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. म्हटलं, मामा नाही तर नाही, मी तरी घालते.

संध्याकाळी घालून बसले. काय सांगू! वाऱ्याचा तो घोंघाट गेलाच. बुलेटची धडधड राहिली, पण लांबून आल्यासारखी. मागून जीपचा हॉर्न स्वच्छ आला. आणि पौड सोडून चढाला लागलो, गाडी हळू झाली, तसा मामांचा आवाज आला. शब्द न् शब्द!

"निल्या, औंदा आंबेमोहोर बरा झाला बघ. कापनी झाली. तुझ्या आयचं गुडघं लई दुखत्यात, पर ऐकती का?"

माझ्याशी नाही! निलेशशी बोलत होते. ट्रकवाल्याचं सांगितलं, सुपरवायझर काय बोलला ते सांगितलं. "लाज वाटली रं," म्हणाले.

आणि मी दोन वर्षं मागनं व्हय व्हय करतेय! आधी हसू फुटलं, मग हेल्मेटाच्या आत नुसतं रडू. गाडीचा विषय सोडला तर घरात हा माणूस मुलाचं नाव काढत नाही, आत्या कोलमडतील म्हणून. बोलायला जागा उरली ती एवढीच. या आवाजात कुणाला ऐकू जात नाही, त्यांना स्वतःलाही नसेल जात. आणि मी तोच बंद करायला निघाले होते.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज बोळे घातले नाहीत. चोरून ऐकल्यासारखं वाटतं. दुपारपर्यंत टुंई.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

घातले. कान माझे आहेत, उगाच का घालवू!

मामा चढाला म्हणाले, "निल्या, पल्लवीच्या आयचा फोन आलता. जांब्याचं स्थळ हाय म्हनत्यात. मानूस बरा हाय, त्याची बी बायकू गेलीया. आता मी सासरा, मी तिला कसा इचारू? जा म्हनलं तर पोरीला वाटंल हाकलत्यात. ऱ्हा म्हनलं तर तिचा जल्म आमच्यात जायचा."

म्हणजे माझ्याच लग्नाचं चाललं होतं!

आईचा राग आला. मला एका शब्दानं विचारलं नाही! आणि विचारलं असतं तर? "नाही" म्हणाले असते, लगेच, दोघांचं तोंड बघून. पण इथं खोटं कशाला लिहू? मला माझं घर पाहिजे. कुणीतरी वाट बघणारं पाहिजे. मूल पाहिजे. हे लिहिताना या दोघांचं वाईट वाटतं, तरी पाहिजे.

१ डिसेंबर, रविवार

मामांना म्हटलं, "गाडी राहू द्या तशीच. आवाज पण राहू द्या. सायलेन्सरचं नाव काढणार नाही मी. फक्त हे कानात घाला. उजवा कान तरी राहील. गोडाऊनवर कुणाची बोलायची छाती होणार नाही."

मामांनी बोळा बोटात फिरवून बघितला. मग म्हणाले, "दाव कसं घालायचं."

आता आली पंचाईत! सुनेनं सासऱ्याचा कान धरायचा म्हणजे काय! मी माझ्या कानावर करून दाखवलं आणि आत्यांनी मामांचा कान धरून ओढला.

"हळू! बैलाला येसन घालतीस का काय?"

"गप बसा. लगीन झाल्यापास्नं आज गावलाय कान," आत्या म्हणाल्या आणि स्वतःच खो खो हसायला लागल्या. मामा पण. या घरात असं हसू कधी ऐकलं होतं, आठवत नाही. फार बरं वाटलं.

२ डिसेंबर, सोमवार

आज दोघांच्याही कानात बोळे. चढाला मामा म्हणाले, "निल्या, हिला जाऊ देऊ का रं? करू का जांब्याला फोन?"

मी म्हणाले, "व्हय." मोठ्यानं. कळून.

मामांनी गाडी कडेला घेतली. बंद केली. मागं न बघताच म्हणाले, "ऐकलं मी, पोरी."