वर तर्री उकळली, मध्ये गार

५ जाने., सोम.
सु.च्या दुसऱ्या केमोला आज सहा दिवस. पांढऱ्या पेशी फार खाली आल्यात. डॉक्टर म्हणाले, हा आठवडा जपा. बाहेरचं नको, कच्चं नको. "जे द्याल ते वाफाळतं द्या, अगदी आतपर्यंत." मी मान हलवली. दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरवर अठ्ठावीस वर्षं काढली, आणि हा पोरगेला डॉक्टर मला तापवणं शिकवतो!
मनीषा धुळ्याला परत गेली. जाताना आईसाठी मायक्रोवेव्ह घेऊन दिला, फ्रिजवर कागद चिकटवला. स्टील घालू नका, झाकण ठेवा, अर्ध्यात काढून ढवळा, मग दोन मिनिटं तसंच राहू द्या. लेक बापाची मास्तरीण झाली.

६ जाने., मंगळ.
यावलहून अक्काचा डबा. सु.ची थोरली बहीण, ऐकते कुणाचं? सकाळच्या एसटीत कंडक्टरकडे देते, मी भुसावळ स्टँडवर उतरवून घेतो. फोनवर म्हटलं, डॉक्टरनं बाहेरचं बंद केलंय. "मंग मी काय बाहेरची हाये का?" विषय संपला.
भरीत होतं. कढईत चांगलं परतून दिलं. सु. चार घास जेवली. बरं वाटलं.

८ जाने., गुरु.
आज डब्यात चवळीची रस्साभाजी, वर बोटभर तेलाची तर्री. कढई घासायचा कंटाळा. जेवायच्या वेळी फ्रिजमधली निम्मी भाजी काचेच्या वाडग्यात काढून मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटं लावली. काचेतून बघत होतो. तर्री उकळायला लागली, कडेनं बुडबुडे, वाडगा हातात धरवेना. तशीच वाढली. भाकरी मात्र शेजारच्या वहिनींची.
सु. म्हणाली, "मधी गारच लागते हो."
मी म्हणालो, केमोनं तोंडाची चव गेलीय तुझी. खा गुपचूप.
खाल्ली.

९ जाने., शुक्र.
पहाटेपासून जुलाब. दहाला ताप १००, बाराला १०१.५. रिक्षा, मग गाडी, जळगाव. दाखल. दोन्ही हातांना सलाईन. डॉक्टरांनी विचारलं, काल काय खाल्लं? मी तोंड उघडायच्या आत सु.च बोलली, "घरचंच."
मीही मान हलवली.

१० जाने., शनि.
ताप उतरत नाही. मनीषा आली, आल्याआल्या डब्याचं निघालं. मावशीला किती वेळा सांगितलं म्हणून तिनं अक्काला फोनवरच झापलं. अक्काचं रडणं मला इथपर्यंत ऐकू येत होतं. "माह्याच हातानं बहिणीले इख घातलं का मी?"
भाजी मी तापवली, सु. गार म्हणाली होती, हे मी तेव्हाही सांगितलं नाही. का, ते लिहायला लाज वाटते.

११ जाने., रवि.
कपडे न्यायला घरी आलो. फ्रिजमध्ये ती उरलेली भाजी. तोच वाडगा, तीच तीन मिनिटं. तर्री उकळली. बरोबर मध्ये बोट बुडवलं. गार! आत्ता फ्रिजमधून काढल्यासारखी गार. मग मनीषाच्या कागदाप्रमाणे केलं. पसरट भांडं, वर झाकण, अर्ध्यात ढवळली, पुन्हा लावली, दोन मिनिटं थांबलो. या वेळी बोट भाजलं.
सगळी फेकून दिली.
बॉयलरच्या एका बाजूचा काटा बघून आम्ही कधी शिफ्ट सोडली नाही. दर तासाला दहा ठिकाणचं तापमान लिहायचो. आणि घरात तर्रीकडे बघून मोकळा झालो. ती सांगत होती, तोंडावर सांगत होती. मूर्ख आहे मी, दुसरा शब्द नाही.
डब्यानंच झालं की नाही, हे डॉक्टरही ठाम सांगत नाहीत. म्हणतात, पेशी इतक्या खाली असताना कशानंही... पण मला माहीत आहे मी काय केलं ते.

१३ जाने., मंगळ.
ताप १००.८. रक्ताचा रिपोर्ट उद्या संध्याकाळी, औषध बदलायचं का ते त्यावर.
मनीषा खाली औषधं आणायला गेली तेव्हा सांगून टाकलं. तू गार म्हणालीस, मी ऐकलं नाही. अक्काचा दोष नाही, माझा आहे.
सु.चे ओठ फुटलेत, बोलताना दुखतं. तरी म्हणाली, "मले माहीत व्हतं गार हाये ते. छत्तीस वर्षांनी तुमी आत्ता कुठं ताट वाढाले लागले. मागं कसं सारू?"
 बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.
परत आलो तर म्हणाली, "अक्काले सांगा. तिचा जीव टांगणीले लागला असीन."
फोन लावला. पूर्ण रिंग गेली, उचलला नाही. पुन्हा लावतोय.