काखेच्या वरची वीण

प्रिय ठमे,

तुझ्या आईला न सांगता लिहितेय. ती समोरच्या घरात खिडकीशी बसलीय, आणि मी इकडच्या खिडकीत कागद घेऊन बसलेली दिसले की कुणाला एवढं खरडतेस म्हणून विचारल्याशिवाय राहायची नाही. म्हणून ओट्यापाशी उभी राहून लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नकोस. गेला महिनाभर आम्ही सगळ्या जणी तुझ्याशी खोटं वागतोय. बाकीच्या दोघींना पचतं, मला आता पचेना.

फोटो मिळाले ना? तळ्यावरचा, बागेतला, लोकरीच्या दुकानासमोरचा. म्हाताऱ्यांना पंख फुटले, असं तू फोनवर म्हणालीस, ते आईने आम्हाला अगदी कौतुकाने सांगितलं. मजा केली हे खोटं नाही. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी, म्हणजे रिटायर झाल्यावरही ज्यांचं इंजेक्शनचं वेड गेलेलं नाही त्यांनी, स्वतःहून गाडी ठरवली. चौथी आमची टाचणी, अजून तितकीच बारीक आणि तितकीच टोचणारी. गाडीतसुद्धा तिने भरतकामाची रिंग हातातून सोडली नाही. टेबलक्लॉथवर निळी फुलं भरतेय, कुणाच्या टेबलासाठी ते तिलाच ठाऊक. बागेत आम्ही बाकावर सुया काढून बसलो, तर माळी येऊन विचारून गेला, इथे वर्ग कधीपासून सुरू झाला म्हणून.

आता ते फोटो पुन्हा काढ आणि आईचा उजवा हात कुठे आहे ते बघ. बागेत तो शालीखाली आहे. दुकानासमोर त्याच्यावर माझी पिशवी आहे. तळ्यावर तो कठड्यावर दिसतो, पण तिथे तो नर्सबाईंनी उचलून ठेवलाय. फोटो निघाला आणि हात घसरून खाली लोंबला. आई पाण्याकडे बघत होती, तिला कळलंच नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, “माझा हात कुठे ठेवलायत गं?” नर्सबाईंनी तो उचलून पुन्हा कठड्यावर ठेवला.

महिन्याच्या सुरुवातीला एका सकाळी आईच्या हातून चहाचा कप पडला. ती त्याच्याकडे बघून हसली, अर्ध्याच तोंडाने. नर्सबाईंनी तशीच उचलून दवाखान्यात नेली म्हणून निभावलं. तू विचारलंस बोबडी का बोलतेस, तर दाढ काढली म्हणाली ना? दाढ जागच्या जागी आहे. बोलणं आता बरंच सुधारलंय, काठी घेऊन चालते, हात मात्र मेला तसाच. जरा बोलता यायला लागल्याबरोबर तिने आम्हाला जवळ बोलावलं. “तिच्या बाबांच्या वेळी ती सगळं सोडून आली आणि नोकरी घालवून बसली. आता कळवलंत तर माझं मेलेलं तोंड बघाल.” सहलीही तिच्याच डोक्यातून निघाल्या. हसरे फोटो जात राहिले की ठमीला शंका यायची नाही, असा तिचा हिशेब.

डॉक्टर म्हणतात, रोज व्यायाम केला तर बोटं हलायला लागतील, पण तो आत्ताच व्हायला हवा, पुढे कितीही केलं तरी तेवढा उपयोग नाही. नर्सबाई तिच्या हातात रबरी चेंडू देतात, ती तो उशीखाली ढकलते. टाचणीने रिंग धरून तिला डाव्या हाताने भरायला बसवलं. एक पाकळी झाली, ती वाकडी म्हणून आईनेच कात्रीने उसवली. मी समजावलं, रागावले, पाया पडले. शेवटी अबोला धरला, तर तो तिला चांगलाच मानवला. मला काही जमत नाही गं. आयुष्य गेलं आमचं शेजारात आणि मला तिची एक मूठ उघडवता येत नाही. घरी येते आणि रडते, दुसरं काय करणार.

तुझा राखाडी स्वेटर तिने आजारपणाआधी काखेपर्यंत आणला होता. तो वेळेवर आला नाही तर तू विचारशील, म्हणून पुढचा मी विणायचा असं ठरलं. तिची वीण कशी, पाणी ओतलं तर खाली गळायचं नाही. आणि माझी कशी ते तुला सांगायला नको. लहानपणी माझा स्वेटर तुझ्या गुडघ्यापर्यंत आला, तेव्हापासून तू मला ढगळमावशी म्हणतेस. लोकरवाल्याने यावर उपाय म्हणून एक नंबर बारीक सुया दिल्या. दातओठ आवळून विणला. आईने डोळे मिटून डावा हात त्यावरून फिरवला, तिला जोड सापडला नाही. कितीतरी दिवसांनी खूश दिसली. म्हणाली, ठमीला आता पत्ता लागायचा नाही.

पार्सल करायला म्हणून स्वेटर मी घरी आणला आणि काखेपर्यंत सगळा उसवला. मग माझ्या नेहमीच्या सुयांनी, माझ्या हाताने पुन्हा विणला. पत्राच्या मागोमाग तो येईल. घालून बघ, खांद्यावर ढगळ आहे. हे पत्र फाडून टाक आणि तिला फोन करून सांग की वीण बघून तू ओळखलंस, तुला कुणी काही कळवलं नाही. तू यावंस की नोकरी सांभाळावी ते मला खरंच कळत नाही, तो निर्णय मी तुझ्यावर टाकतेय, त्याबद्दल वाटेल ते बोल मला. पण तिला तो चेंडू धरायला लाव. ती फक्त तुझंच ऐकते. मला मात्र ती जन्मभर ऐकवील की एक स्वेटर धड जमला नाही हिला. मी ऐकून घेईन.

तुझीच,
ढगळमावशी