सुगीच्या सणाचा भोपळा

रविवार, दिवेलागण

आज सुगीच्या सणाला चर्चच्या छतासाठी लिलाव झाला. माझ्या वेलावरचा लाल भोपळा चारदा विकला गेला. आमची रीतच तशी आहे, बोली जिंकायची, पैसे द्यायचे आणि वस्तू पुन्हा लिलावाला ठेवायची. पाचव्यांदा तो कमिटीच्या दादारावांनी घेतला आणि सरळ घरी नेला! "काहून नेला?" विचारलं, तर म्हणाले, "पैसे मोजले, भोपळा माझा झाला न्हाई का?"

एवढं जुनं दगडी चर्च, छत गळून राहिलं, आणि ह्या माणसाला भाजी सुचते? अजून दोनदा तरी विकला असता. माझा भोपळा!

आत्ता त्यांची बायको वाटीभर भाजी देऊन गेली. खाल्ली मी. चांगली झाली होती, त्याचाच जास्त राग आला.