आधी तुझी गाडी की माझी?

माजी नवरोबा,

हे पत्र तुला पाठवता येणार नाही. तू आमच्या प्रतिस्पर्धी कंपनीत आहेस, आणि तुझ्यापाशी कामाचा चकार शब्द काढायची मला बंदी आहे.

आमची नवी आलिशान गाडी बाजारात कधी आणायची, ते मला ठरवायचं होतं. विक्रीवाले म्हणत होते, लगेच आणा. दारं बनवणारा इंजिनिअर म्हणत होता, "मॅडम, एवढ्या महाग गाडीचं दार लागताना आवाज भारदस्त यायला हवा. अजून महिना द्या." साहेबांचा मात्र एकच धोशा, "त्यांची गाडी कधी येतेय, ते आधी शोधा!" त्यांची म्हणजे तुझी. उत्सुकतेने जीव नुसता टांगणीला लागला होता.

काल जेवताना आपली पिटुकली म्हणाली, "आई, बाबा या सुट्टीत मला नेणार नाहीत. तेव्हाच त्यांची नवी गाडी येणारे."

आज साहेबांनी पुन्हा विचारलं. लेकीच्या तोंडचं त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, "काही पत्ता लागत नाही. दारासाठी महिना घेऊ या." विक्रीवाले माझ्यावर जाम उखडलेत. सुट्टीत लेकीला मीच कुठेतरी नेईन.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तिला साधं आइस्क्रीम दिलंस तरी "आईला सांगू नकोस हं" असं बजावायचास. या वेळी बजावलं नाहीस. मी तिला खोदून खोदून विचारलं, तर म्हणाली, बाबा तसं काही बोललेच नाहीत.

विसरलास, की मला कळावं असंच वाटत होतं तुला?

तुझी प्रतिस्पर्धी,
पिटुकलीची आई