करंडकावरचं दुसरं नाव

अल मनखूल, दुबई
१४ जानेवारी २०२५

आदरणीय मैमुनाभाभी,

सलाम. गुडघे काय म्हणतात? इथली थंडी म्हणजे पंखा बंद, एवढीच. अक्षर वाकडं दिसेल, चष्म्याचा नंबर वाढलाय.

शनिवारी क्लबात लॉन बोल्सची फायनल होती. हिरवळीवर छोटा पांढरा चेंडू लांब ठेवतात, आपला जड चेंडू घरंगळत त्याच्याजवळ न्यायचा. सेक्रेटरी म्हणाला, "सर, यंदा लढाईतलं मेडल लावून चीफ गेस्टच्या खुर्चीत बसा." आमचा नीरवही त्याच्याच बाजूचा. "बाबा, खलास, थांबा आता. पडलात तर?" मी म्हटलं, खुर्चीत मला मेल्यावर बसवा. आणि खेळलो.

चष्म्याचं खोटं होतं, भाभी. दोन वर्षं मला नुसता उजेड कळतो. हे पत्रही ओळीखाली पट्टी धरून लिहितोय. मैदानात पांढऱ्या चेंडूमागे नात केया उभी असते. तिला काट्यांचं घड्याळ येत नव्हतं. जेवणाच्या ताटावर शिकवलं. मीठ बारावर, भाजी तीनवर, चटणी नऊवर. माझा चेंडू थांबला की पांढऱ्या चेंडूला घड्याळाचा मध्य धरून ती ओरडते, "आबा, सेव्हन ओक्लॉक, टू फीट!" मग पुढचा मी सुधारून टाकतो.

जिंकलो. करंडकावर नाव माझ्या एकट्याचं. मी हात लावला नाही. सेक्रेटरीला म्हटलं, केयाचं नाव कोरा, नाहीतर ठेवा तुमच्याकडेच. नीरव कुजबुजला, "बाबा, तमाशा नको." केलाच.

कारण एकदा मी गप्प बसलोय. एकाहत्तरच्या लढाईत तुमचा नवरा गेला, तेव्हा तुम्ही मला विचारलंत, मोईन शेवटी काय बोलला? मी म्हटलं, काहीच नाही, झोपेतच गोळी लागली. साफ खोटं. सकाळच्या धुक्यात मला समोरचा शत्रूचा बंकर दिसत नव्हता. मोईन बांधावर चढून ओरडला, "अन्या, एक वाजता, तीस पावलं!" त्या आवाजावर मी ग्रेनेड फेकला. त्याच आवाजावर त्यांनी गोळी झाडली. बंकर गेला, मोईनही गेला. मेडलच्या मानपत्रात आलं की बंकर मी एकट्याने हेरला. मी छाती पुढे केली आणि मेडल लावून घेतलं. लाज वाटते, भाभी.

शेजारचा उझैर रत्नागिरीला येतोय, मेडल त्याच्याकडे दिलंय. मानपत्रात मोईनचं नाव घाला, असं रेजिमेंटलाही लिहिलंय. नाही म्हणाले तर पुन्हा लिहीन. तुम्ही मला शिव्या घाला, मेडल खाडीत फेका, पण परत पाठवू नका. ते माझं नाही.

मोईनच्या आवाजावर नेम धरलेला,
अनिल