अर्धी वीत

५ सप्टेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू रंधा चालू ठेवून ऐकतोस, म्हणून लिहितेय. आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचे आठपैकी चार सामने झाले आणि चारही हरलो. गेल्या वर्षी याच संघाने पाच जिंकले होते. गोलकीपर मी, त्यामुळे सगळे बघतात ते माझ्याकडेच. काल तीन गोल खाल्ले. तिन्ही वेळा उडी वेळेवर होती, दिशाही बरोबर, आणि चेंडू बोटांना वारा घालून खांबाच्या आतून गेला.

पाय एका जागी ठरत नाहीत. वसतिगृहाच्या खोलीत दाराच्या चौकटीत हात पसरून उभी राहते, तर मैत्रीण म्हणते, बाई, आम्हाला आत-बाहेर तरी जाऊ दे. गंमत म्हणजे सरावात मी उत्तम असते. मे महिन्यात वादळाने आमच्या मैदानावरचा गोल मोडला आणि तू येऊन नवा लाकडी उभारून दिलास ना, त्यात माझ्याकडून चेंडू सुटतच नाही. सामने मोठ्या मैदानावर होतात. तिथे मला काय होतं कोण जाणे.

मामीला नमस्कार. हरणाऱ्या भाचीवरही लोभ चालू आहे ना, तेवढं कळव.

तुझी,
भिंगरी


९ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र मामीने आधी वाचलं आणि डोळे पुसले. मी नंतर वाचलं आणि हसलो. लहानपणी तू कपाटावरून गादीवर उडी मारायचीस, तेव्हाही निम्म्या वेळा जमिनीवरच यायचीस. तेव्हा नाही रडलीस, मग आता काय झालं?

मोठ्या मैदानावर लोक बघत असतात, म्हणून तू बिचकतेस. दुसरं काही नाही. चौकट ती चौकट, इथली काय नि तिथली काय. आमच्याकडे सध्या एका शाळेच्या बावीस दारांचं काम आहे. पहिल्या दाराला सगळेच जपून हात चालवतात, बाविसावं डोळे मिटून होतं. बत्तीस वर्षांत माझी एकही चौकट परत आलेली नाही, आणि तू माझी भाची आहेस. भीती सोड.

जेवत जा. आमचा जीव तुझ्यात आहे, हे वेगळं लिहायला नको.

तुझा मामा


२३ सप्टेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

सात झाले. सातही हरलो.

सरांनी आज बाजूला घेऊन सांगितलं की माझे हात चांगले आहेत, पण मन कच्चं आहे. चार तारखेचा शेवटचा सामना मी खेळायचा, त्यानंतर हातमोजे दुसऱ्या गोलकीपरकडे. मी मान डोलावली. ते मोजे दिले की खेळही सोडायचा, असं ठरवलंय.

तू भीतीचं लिहिलंस तेव्हापासून जास्तच बिघडलंय. चेंडू यायच्या आधीच मी स्वतःकडे संशयाने बघते. मी काय करते ते सांगते. खांबाला हात लावते, मोजून पावलं टाकत मध्ये येते, ठरलेल्या जागी उभी राहते. सरावात तिथून झेप घेतली की बोटं खांबापर्यंत पोचतात. सामन्यात अर्धी वीत कमी पडतात. डावीकडे, उजवीकडे, दरवेळी अर्धी वीत. मामा, भीतीचं माप इतकं नेमकं असतं का रे?

माझी फार काळजी करू नका, थोडी करा.

तुझी,
भिंगरी


२९ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

नसतं. इतकं नेमकं माप सुताराचं असतं.

तुझं पत्र वाचलं आणि मेमधली वही काढली. गोलाचं माप दोन खांबांच्या आतून धरायचं, असं तुमच्या सरांनी दिलेल्या कागदावर छापलेलं आहे. मी ते बाहेरून बाहेर घेतलं. दाराची चौकट भिंतीत बसवायची असते, म्हणून आम्ही माप बाहेरूनच घेतो. हाताला तीच सवय. तुमच्या गोलाभोवती भिंत नाही, हे या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. प्रत्येक खांब अर्धी वीत जाड, तेवढीच जागा दोन्हीकडून आत आली. चार महिने तू लहान दार राखायला शिकलीस, आणि मी तुला भित्री म्हणालो.

हे दोन दिवस आधी लिहायला हवं होतं. बत्तीस वर्षांची फुशारकी आड आली. शेवटी मामीने बजावलं की पत्र पेटीत पडेपर्यंत करवतीला हात लावायचा नाही.

हा कागद सरांना दाखव. मोजे देऊ नकोस. रागावलीस तरी चालेल, पण लिही.

तुझा मामा


५ ऑक्टोबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र तीन तारखेला मिळालं. तशीच टेप घेऊन मैदानावर गेले. एक वीत कमी. इतका राग आला की खांबाला लाथ घातली. काम भक्कम आहे तुझं, अंगठा अजून सुजलाय.

मग दोन्ही खांबांच्या बाहेरच्या कडेला लागून विटा ठेवल्या आणि मुलींना विटांवर मारायला लावलं. अंधार पडेपर्यंत. माझी उभं राहायची जागा शोधून काढली, हरवली, पुन्हा शोधली.

काल हरलोच. एक-शून्य. तो एक गोल माझ्या दोन पायांमधून गेला, त्याला तुझा खांब जबाबदार नाही. पण शेवटच्या मिनिटाला डाव्या खांबालगत आलेल्या चेंडूला बोटं लागली, मामा. चेंडू बाहेर गेला. मी बराच वेळ तिथेच पडून होते.

सरांना कागद दाखवला नाही, नवा गोल अरुंद आहे एवढंच सांगितलं. सात पराभव एका वितीवर ढकलायला जीभ रेटेना. आमच्या फॉरवर्ड मुली चार महिने अरुंद गोलात नेम धरत होत्या, तरी रुंद गोलात त्यांचा चेंडू जात नाही. ते पाप काही तुझं नव्हे. सामन्यानंतर सर मोजे घ्यायला आले, हातात घेतले, आणि वास मारतायत, नीट वाळव, म्हणून परत देऊन गेले.

तू पत्रात एक गोष्ट लिहिली नाहीस. मेमध्ये गोल उभारलास त्या दिवशी टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. खांबाच्या बाहेरच्या कडेला, तू सांगितलंस तिथे. सात वर्षं गोलात उभी राहतेय, आणि मलाही दिसलं नाही.

रविवारी ये. टोक मीच धरीन.

लोभ आणि गोल, दोन्ही वाढवावेत, ही विनंती.

तुझी,
भिंगरी