अठरा नंबरची स्लाइड

१२ नोव्हेंबर

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

आठ महिने तुला उत्तर दिलं नाही, त्याची आधी माफी मागते. तुझी चारही पत्रं मिळाली. कामाचा रगाडा होता असं लिहिणार होते, पण तो तर तू इथे असतानाही होता.

काल ताईचा फोन आला होता. हळू आवाजात बोलत होती, तू शेजारच्या खोलीत असशील. म्हणाली, "पोरगी दिवसभर नुसती बसून असते गं. तुझ्या भरवशावर पाठवली होती ना मी तिला?" मी म्हटलं, "बघते."

लॅबमध्ये सगळं तसंच. फ्रीजचं दार अजून लाथ मारल्याशिवाय लागत नाही. तुझ्या जागी आलेली मुलगी नीट काम करते. प्रश्न विचारत नाही.

तुझा प्रश्न मात्र जात नाही. आपली अँटिबॉडी बीजपेशींतल्या त्या एकाच प्रथिनाला चिकटते आणि तिथेच हिरवी चमकते, यावर माझी दहा वर्षं उभी आहेत. ते प्रथिन मुळातच नसलेल्या उंदरांच्या तू दोन स्लाइड केल्यास, सतरा आणि अठरा. त्या काळ्या दिसायला हव्या होत्या. दोन्ही चमकल्या. तू म्हणालीस, "मॅडम, तुमची अँटिबॉडी फार मायाळू आहे हो, दिसेल त्याच्या गळ्यात पडते." सगळे हसले. मीही हसले.

तुझ्या या दाव्यावर बसलेल्या चौकशीत मी सतरा नंबरचा फोटो ठेवला. काळाकुट्ट. तू रडकुंडीला येऊन म्हणालीस, "मावशी, मी डोळ्यांनी पाहिलंय गं." लॅबमध्ये पहिल्यांदाच मावशी म्हणालीस. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "इथे मॅडम म्हणायचं." खोटारडेपणाचा शिक्का तुझ्यावर त्यानंतर पाच मिनिटांत बसला.

फोटो खरा होता, चिमी. त्यात मी काहीही फेरफार केला नाही. तसलं मी कधी करणार नाही. फक्त तो काढण्याच्या आदल्या दिवशी ती स्लाइड प्रखर दिव्याखाली ठेवून जेवायला गेले. उजेडात ही चमक विझते, हे तुला मीच शिकवलं होतं. त्या दिवशी मी सावकाश जेवले.

आता नव्या संस्थेने तुझा प्रवेश अडवलाय, गुरुवारी चौकशीची समिती पुन्हा बसतेय, आणि तू लिहितेस, "अठरा नंबरची पेटीत आहे, तेवढी त्यांना दाखव." आहे. आज पाहिली. आठ महिने अंधारात राहून अजून हिरवीगार आहे. तुझा हात फार चांगला आहे. हे तुला तोंडावर कधी म्हणाले नाही.

खरं सांगितलं तर कोणाचं काय जाईल आणि नाही सांगितलं तर कोणाचं, असं मी स्वतःला विचारलं. तू सत्तावीसची, दुसरं काही शिकशील. मी सेहेचाळीसची. या विचाराची मला लाज वाटली. आणि लाज वाटली म्हणजे आपण अजून अगदीच वाईट नाही, असं वाटून जरा बरंही वाटलं.

हे पत्र आधी तुला लिहिलेल्या तिन्हींसारखं माझ्या कपाटात राहील. तुला जाईल ते दोन ओळींचं: अठरा नंबरची पाहिली, तीही काळीच आहे. तब्येतीला जप.

तुझीच,
मावशी

उद्या: जेवायला जाण्याआधी अठरा नंबरची दिव्याखाली ठेवणे.